एका बोर्डावर चार वाद्यें

शाळांच्या विज्ञान-प्रदर्शनांत अलीकडे मुलांनीं स्वहस्तें बनविलेलीं विजेचीं वाद्यें दिसूं लागलीं आहेत, ही आम्हांस मोठ्या संतोषाची गोष्ट वाटते. हात जवळ नेतांच स्वर चढविणारी पेटी, उजेड-सावलीनें सूर बदलणारी नळी, चमच्यांस स्पर्श होतांच सरगम वाजविणारी फळी, टिचकीनें ठेका धरणारी चकती, हीं सर्व चार तारा, एक लहानसा स्पीकर व पुठ्ठ्याचें खोकें एवढ्यावर उभीं राहतात. त्यांचा मेंदू मात्र एकाच जातीचा असतो. तो म्हणजे आर्डुइनो या नांवाचा बोर्ड. इटलींतील इव्रेआ येथें २००५ सालीं तो विद्यार्थ्यांसाठींच निघाला, आणि २०१६ पासून नीति आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेनें आपल्याकडील पुष्कळ शाळांत पोंचला.

वाद्य तयार झालें कीं हा बोर्ड आंत डाग देऊन अगर गोंदानें चिकटवून टाकण्याची जी चाल पडली आहे, ती मोडावी असें आमचें स्पष्ट मत आहे. असें वाद्य प्रदर्शनांत दहा मिनिटें वाजतें व पुढें वर्षभर कपाटांत धूळ खातें, त्याजबरोबर बोर्डही. नव्या वर्गानें मागितला तर शिल्लक नाहीं, म्हणून पुनः वडिलांनीं कांहीं शें रुपये काढावे. ज्या घरीं कांद्याच्या भावावर वह्यांची खरेदी ठरते, त्या घरची मुलगी अशा वेळीं कांहीं न मागतां बाजूस सरते. आम्हांस खरें दुःख आहे तें याचें.

उपाय साधा आहे. वाद्यांत बोर्ड न बसवितां त्याची केवळ बैठक बसवावी. नॅनो नांवाच्या लहान बोर्डास दोन्ही अंगांस पंधरा-पंधरा पाय असतात. तितक्या भोकांच्या दोन पट्ट्या प्रत्येक वाद्यांत पक्क्या कराव्या, व बोर्ड एकांतून काढून दुसऱ्यांत खोंचावा. त्यापूर्वीं वीज तोडावी. उलटा बसल्यास तो जळण्याचा संभव असतो. म्हणून पट्टीच्या एका टोंकास तांबडा ठिपका द्यावा.

दर खेपेस प्रोग्राम बदलावा लागेल, ही शंका रास्त आहे. पण ती दोन रोधकांनीं फिटते. बोर्डाच्या एका अ‍ॅनालॉग पायास पांच व्होल्टांकडून १० हजार ओहमांचा रोधक जोडावा, आणि त्याच पायापासून ग्राउंडकडे प्रत्येक वाद्यांत निराळा. तो २.२ हजारांचा असेल तर बोर्ड सुमारें १८४ हा आंकडा वाचतो, १० हजारांचा असेल तर ५१२, ४७ हजारांचा असेल तर ८४३, आणि १०० हजारांचा असेल तर ९३०. चारही वाद्यांचे प्रोग्राम त्याच्या ३२ किलोबाइट स्मृतींत सुखानें मावतात. सुरू होतांच आंकडा पाहून आपण कोणाच्या घरीं आलों हें तो ओळखतो.

आमच्या मतें खरा लाभ याहून पुढचा आहे. स्पीकर कोणत्या पायावर, कळ कोणत्या, हें चार गटांस एकत्र बसून आधीं ठरवावें लागतें. षड्जही एकच धरावा लागतो. पांढरी एक, म्हणजे सेकंदास सुमारें २६२ कंपनें, हा षड्ज घेतला तर बाजाच्या पेटीचा गंधार ३३० च्या जवळ येतो. षड्जाशीं पांचास चार या प्रमाणाचा, तंबोऱ्याशीं मिळणारा गंधार ३२७ वर असतो. कोणता घ्यावा याचा वाद मुलांनीं अवश्य घालावा! एकदां ठरल्यावर एका बोर्डांत सुधारला कीं तो चारही वाद्यांत सुधारतो.

चारही वाद्यें एकाच वेळीं वाजणार नाहींत, हें आम्हांस मान्य आहे. वृंदवादनाच्या दिवसापुरते चार बोर्ड शाळेच्या पेटींतून काढावे व सायंकाळीं परत ठेवावे. एरवीं पाळी लावावी. आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत पाळी कोणास शिकवावयास नको. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें. त्याचें पाणी प्रवरेच्या कालव्यांनीं शेतांस आवर्तनानें मिळतें, आणि गंमत अशी कीं, तबलजीही तालाच्या फेरीस आवर्तनच म्हणतो. कालवा स्वतःच्या बांधाआड पुरून ठेवण्याचें कोणा शेतकऱ्याच्या मनांत येत नाहीं.

पालकांस आमची एवढीच विनंती कीं, यंदा नवा बोर्ड घेण्यापूर्वीं माळ्यावरचें गतवर्षींचें खोकें उघडून पाहावें. आंतला बोर्ड सुटा निघत असेल, तर तो पाल्याबरोबर प्रयोगशाळेंत पाठवून द्यावा.