प्रौढांचा वर्ग आणि त्यांची परीक्षा
जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात श्रमिकांसाठी रात्रशाळा काढली. तो वारसा सांगणारे आमच्या विहारांतील प्रौढवर्ग मात्र अनेकदा ओस पडतात. दोष शिकणाऱ्यांचा नव्हे. दिवसभर राबून आलेल्या माणसास मुळाक्षरे घोकावयास लावणे व चुकल्यास चारचौघांत हसणे, हा त्याच्या स्वाभिमानाचा अवमान होय. त्याचाच सातबारा, शिधापत्रिका वा कर्जाचा कागद हे त्याचे पाठ्यपुस्तक करा. परीक्षाही तीच असावी : कागदातील रक्कम, मुदत व अट त्याने वाचून आपल्या शब्दांत सांगावी. न वाचता उठविलेला अंगठा न्यायालयात सहजी पुसला जात नाही, हे आम्ही वकिलीत पाहिले आहे. बंधुभगिनींनो, वाचल्यावाचून सही करावयाची नाही, एवढे जो शिकला तो उत्तीर्ण झाला!