दोस्त म्हणून आलेला पोलीस

मैत्रिणींनो, गुन्हेगारीच्या मालिका आपल्या घराला काही नवीन नाहीत. 'सी.आय.डी.' १९९८ साली सुरू झाली आणि दयाने दरवाजा तोडलेला बघत आपली मुलं मोठी झाली. पण तिथे पोलीस बहुतेक वेळा पोलीस म्हणूनच दारात उभे राहायचे. आज लिहायचंय ते पोलीस मित्र बनून येतात अशा एका मालिकेबद्दल.

'२१ जंप स्ट्रीट' ही अमेरिकेतली मालिका. एप्रिल १९८७ मध्ये फॉक्स वाहिनीवर सुरू झाली, १९९१ मध्ये संपली. कल्पना अशी, की पोलिसात नव्याने आलेली, चेहऱ्याने कोवळी दिसणारी पोरं-पोरी निवडायची आणि विद्यार्थी म्हणून हायस्कूलच्या वर्गात बसवायची. त्यांनी मुलांशी दोस्ती करायची आणि नशेचा माल कोण विकतं, टोळी कोण चालवतं ते हुडकून काढायचं. त्यांचं ऑफिस एका बंद पडलेल्या जुन्या चर्चमध्ये. पुढे जॅक स्पॅरो म्हणून जगभर गाजलेला जॉनी डेप याच मालिकेमुळे घराघरांत पोचला. पथकातल्या जूडीचं काम करणाऱ्या हॉली रॉबिन्सनने तर मालिकेचं शीर्षकगीतही गायलं. याच मालिकेतून १९८९ मध्ये 'बुकर' नावाची दुसरी मालिका काढली, पण ती वर्षभरातच गुंडाळावी लागली.

मालिकेचं एक श्रेय मोकळ्या मनाने द्यायला हवं. एड्स, व्यसन, घरातली मारहाण असे विषय तिने त्या काळात किशोरवयीन मुलांसमोर मांडले. काही भागांच्या शेवटी कलाकार स्वतः पडद्यावर येऊन मदत कुठे मिळेल ते सांगत.

पण तिचा पायाच मला खुपतो. एखादा मुलगा नव्या मित्राजवळ मन मोकळं करतो आणि शेवटी त्याला कळतं, मित्र खोटा, त्याचं नावही खोटं. उद्या हा मुलगा कुणावर विश्वास ठेवील? पोलिसांनी शाळेत असं शिरणं खुद्द जॉनी डेपलाही पटत नव्हतं, आणि ते त्याने बोलूनही दाखवलं.

ही नुसती टीव्हीवरची गोष्ट नाही बरं का. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी मालिकेच्या कितीतरी आधी, १९७४ पासून, तरुण पोलीस विद्यार्थी म्हणून शाळांत पाठवले होते. सुमारे तीस वर्षं हे चाललं. टीका अशी झाली, की मोठे विक्रेते हाती लागतच नाहीत. सापडतात ती थोडासा गांजा आणून देणारी, अभ्यासात मागे पडलेली, एकटी पडलेली मुलं. पुढे २०१२ च्या डिसेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्याच रिव्हरसाइड काउंटीत अशाच मोहिमेत बावीस मुलं पकडली. त्यांतला एक स्वमग्न होता. शाळेत नवा, मित्र जवळजवळ नाहीत. अशा मुलाला एक 'मित्र' मिळाला. त्याने वीस डॉलर हातात देऊन 'गांजा आणून दे' म्हणून पिच्छा पुरवला, आणि मित्र तुटू नये म्हणून पोराने कसाबसा चिमूटभर आणून दिला. मग वर्गातच अटक. शाळाही त्याला काढायला निघाली होती. न्यायाधीशांनी सांगितलं तेव्हा कुठे त्याला परत घेतलं. त्याच्या आईच्या जागी स्वतःला ठेवून बघा.

कुणी म्हणेल, मग काय विकणाऱ्यांना मोकाट सोडायचं? मुळीच नाही. त्यांना पकडाच. पण माल येतो कुठून, पैसा जातो कुणाकडे, तो माग काढा. पोरांची मैत्री आमिष म्हणून वापरू नका. आपल्याकडचा १९८५ चा अंमली पदार्थांचा कायदासुद्धा विकणारा आणि व्यसनात अडकलेला यांत फरक करतो. किरकोळ प्रमाणात सापडलेला व्यसनी स्वतःहून उपचाराला तयार झाला, तर काही अटींवर त्याला खटल्यातून सूट मिळते.

मंडळाच्या कामात मला अनेक आया भेटतात. 'पोरगं काही बोलतच नाही हो ताई,' ही प्रत्येकीची तक्रार. आणि त्यावरचे उपाय काय? धाकट्या बहिणीला पाळतीवर ठेवायचं. मुलाच्या मित्राला पोहे खायला बोलावून हळूच माहिती काढायची. मुलगा झोपला की मोबाईल चाळायचा. बायांनो, हे आपल्या घरातलं जंप स्ट्रीटच झालं की! यात माहिती हाती लागेलही, पण मुलाला ज्या दिवशी हे कळेल त्या दिवसापासून तो बहिणीशीही बोलणार नाही आणि मित्राशीही नाही. खरी अडचण येईल तेव्हा तो जाणार कुणाकडे?

त्यापेक्षा समोर बसवून सरळ विचारा. 'मला काळजी वाटते, म्हणून विचारतेय,' एवढं म्हणायला काय हरकत आहे? उत्तर आवडलं नाही तरी लगेच हात उगारू नका, लगेच त्याच्या बाबांकडे तक्रारही नको. प्रकरण व्यसनापर्यंत गेलंय असं वाटलं, तर केंद्र सरकारने २०२४ मध्ये सुरू केलेल्या १९३३ या हेल्पलाइनवर सल्ला मागता येतो. पालकसभेतही मागणी करा, की पोलिसांनी शाळेत जरूर यावं, पण गणवेशात, आपलं नाव सांगून यावं आणि मुलांच्या प्रश्नांना उत्तरं द्यावीत. संकटात सापडलेल्या मुलाला पोलीस काका किंवा पोलीस ताईकडे जाऊन बोलावंसं वाटलं पाहिजे. तेवढा विश्वास मिळवायचा तर आधी खरं नाव सांगावं लागतं.