दिलेला शब्द आणि कायद्याचे जाणकार

भंडारा जिल्ह्यातील सिहोऱ्याहून मध्य प्रदेशाची हद्द फार दूर नाही. गुन्हा करून एखादा इसम बावनथडी ओलांडून बालाघाट जिल्ह्यात गेला, तरी तो कायद्याच्या कक्षेबाहेर जात नाही. दोन्ही तीरांवर फौजदारी कायदा एकच आहे. देशाची सीमा ओलांडणाऱ्याची गोष्ट मात्र निराळी. तेथे पोलिसांचा हात थांबतो आणि कायदेपंडितांचे काम सुरू होते.

अबू सालेम प्रकरण या दृष्टीने बोधप्रद आहे. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मृत्युमुखी पडली. या खटल्यातील आरोपी सालेम २००२ मध्ये लिस्बन येथे पकडला गेला. पोर्तुगालच्या कायद्यात फाशीला व जन्मठेपेला स्थान नाही. म्हणून फाशी नाही आणि २५ वर्षांहून अधिक तुरुंगवासही नाही, अशी लेखी हमी भारत सरकारने दिली, तेव्हा २००५ मध्ये तो ताब्यात आला. पुढे प्रत्यार्पणाच्या आदेशाबाहेरची कलमे लावली गेली. त्यावरून २०११ मध्ये लिस्बनच्या न्यायालयाने प्रत्यार्पणच रद्द ठरविले, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जादा आरोप मागे घेण्यास अनुमती दिली. २०१७ मध्ये त्याला जन्मठेप झाली. तथापि २५ वर्षे पूर्ण होताच हमीनुसार सुटकेची कार्यवाही केंद्राने केलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावले.

मृतांच्या आप्तांना हे अन्यायाचे वाटले, तर नवल नाही. परंतु हमीच दिली नसती, तर आरोपी येथील न्यायालयासमोर उभाच राहिला नसता. बाजारात पतीला जे मोल, तेच राष्ट्रांच्या व्यवहारात दिलेल्या शब्दाला. तो मोडला, तर पुढचा फरारी मागताना परका न्यायाधीश जुना हिशेब काढतो. विजय मल्ल्या प्रकरणी २०१८ मध्ये लंडनच्या न्यायालयाने आर्थर रोड तुरुंगातील कोठडीचे चित्रणच मागविले होते.

तेव्हा दोष हमीचा नव्हे; हमी देणारे आणि आरोप ठेवणारे यांच्यात मेळ नसण्याचा आहे. कायद्याच्या जाणकारांना घोटाळा निस्तरण्यासाठी मागाहून पाचारण करण्यात शहाणपण नाही. करार लिहिताना, हमी देताना आणि आरोपपत्र तयार करताना त्यांचा सल्ला घेतला गेला पाहिजे. तसेच कोणत्या अटीवर आरोपी आणला जात आहे, हे पीडितांच्या कुटुंबांना आरंभीच सांगितले पाहिजे. राज्याने परक्यांना दिलेला शब्द आपल्याच नागरिकांना वीस वर्षांनी कळावा, हे लोकशाहीला शोभणारे नाही.