घरबसल्या उत्पन्न

‘घरबसल्या उत्पन्न’ हे शब्द ज्याने प्रथम उच्चारले, त्याला मे महिन्यात भर दुपारी जठारपेठेतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर अनवाणी उभं करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. इमारत लहान, बिऱ्हाडं सहा. पण तिचा मालक घरी बसलेला मी अजून पाहिलेला नाही. आणि मालक मीच आहे!

निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाला एखादा मेहुणा भेटतोच. ‘‘फंडाचा पैसा विटांत घाला. सहा भाडी, बारा महिने. करा गुणाकार!’’ मेहुण्यांना गुणाकार येतो, वजाबाकी येत नाही. वजाबाकी आयकर खात्याला येते. पालिकेचा कर भरून उरलेल्या भाड्यावर ते दुरुस्तीबिरुस्तीपोटी सरसकट 30 टक्के सूट देतं. ज्या खात्याचा हात सहसा सैल सुटत नाही, ते एवढं सोडतं, तेव्हा इमारत किती खात असेल, हे शहाण्याने ओळखावं.

मग पाणी. अकोल्याला ते महानच्या काटेपूर्णा धरणातून येतं, आणि उन्हाळ्यात रोज येत नाही. पारा 45 च्या वर गेला की सहा घरांचे कूलर टाकी पिऊन मोकळे होतात आणि रात्री अकराला जिन्यातून हाक येते, ‘‘काकाजी, मोटर सुरूच होऊन नाही राहिली ना!’’ बँकेतल्या ठेवीने अशी हाक मारल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

सगळ्यांत महाग पडते ती भीड. ‘‘आपलीच माणसं, कागद कशाला?’’ 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा भीड ओळखत नाही. करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा, ही जबाबदारी मालकाची. तो नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं. खोटं ठरवायची दगदग मालकाने करायची. शिवाय 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणजे ‘बसल्या जागी’ हे शब्द खरे व्हायचे ते असे!

इमारत घेऊच नये, असं मी म्हणत नाही. पण तो धंदा आहे, तो धंद्यासारखा करा. भाडं हातात पडताच तिसरा हिस्सा बाजूला काढा, वही ठेवा, सख्ख्या भाच्याशीही करार नोंदवा. जमत नसेल तर पैसा पोस्टात ठेवा. जन्मभर नोकरी करून थकलेल्या माणसाने फंडाच्या पैशाने दुसरी नोकरी विकत घ्यायची आणि तिला विश्रांती म्हणायचं, हा मेहुणेशाही हिशेब मला साफ नामंजूर आहे.