गुरुजींचं मन कुठे आहे, ते निकालात दिसतं



संकलित चाचणीत गुण कमी आले की आपलं उत्तर ठरलेलं असतं, "पोरं शाळेतच येत नाहीत, आम्ही काय करणार?" मीही पूर्वी हेच म्हणायची.

माझी पहिली नेमणूक गडचिरोली जिल्ह्यातल्या एका दोन शिक्षकी शाळेत झाली. गाव गोंडी बोलणारं. अवघड क्षेत्रात तीन वर्षं झाली की बदली मागता येते, म्हणून मी दिवस मोजत होते. एप्रिलमध्ये अर्धा वर्ग रिकामा. विचारलं तर एक आजी म्हणाली, "मोहा येचाले गेली पोरगी, मॅडम." मी हजेरीपटावर 'गैरहजर' लिहून मोकळी झाले. मन बदलीच्या यादीत होतं, वर्गात नव्हतं. निकालही तसाच लागला.

पुढच्या वर्षी एका मुलाने डोळे उघडले. गुणाकाराच्या उदाहरणात रेल्वेचे डबे होते. त्याने रेल्वे कधी पाहिलेली नाही, तो गप्प. मी सहज विचारलं, "तेंदूच्या एका पुड्यात 70 पानं, तर 3 पुड्यांत किती?" उत्तर लगेच आलं, "210." पोराला गणित येत होतं, माझा प्रश्न त्याच्यापर्यंत पोचत नव्हता. त्यानंतर मी 'येर' म्हणजे पाणी इथपासून गोंडी शिकायला लागले. मोहफुलांचा हंगाम लक्षात घेऊन उजळणी फेब्रुवारीतच संपवू लागले. मोहा पहाटे वेचतात, म्हणून पालकांना भेटून ठरवलं की पोरं वेचून झाल्यावर थेट शाळेत येतील. परीक्षेला मुलं बसू लागली आणि गुणही वाढले.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की प्रेरणा म्हणजे कार्यशाळेतलं भाषण नाही. समोरचं पोर कोणत्या भाषेत विचार करतं, त्याच्या घरी या महिन्यात कोणतं काम आहे, हे जाणून घ्यावंसं वाटणं म्हणजे प्रेरणा. आपल्याच जिल्ह्यातल्या शिक्षकांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले आहेत. 2021 मध्ये असरअल्लीचे खुर्शीद शेख सर आणि 2024 मध्ये जाजावंडीचे मांतय्या बेडके सर. दोन्ही शाळा जिल्हा परिषदेच्या, तीही सिरोंचा आणि एटापल्ली तालुक्यांत. आडवळणाची शाळा म्हणजे कमी निकाल, असं समीकरण नाही.

पण सगळा भार शिक्षकाच्या मनावर टाकणंही बरोबर नाही. दोघांपैकी एक जण बैठकीला गेला की उरलेल्याने सगळे वर्ग सांभाळायचे आणि मधेच ऑनलाइन माहितीही भरायची. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 27 मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक काम देऊ नये असं लिहिलं आहे. ते पाळलं गेलं तर खचलेलं मनही उभारी धरेल. सारखी कामं लादून वर "निकाल का कमी?" अशी नोटीस आली, तर शिकवण्याची हौस कुठून राहील?

पालकहो, तुम्हीही महिन्यातून एकदा शाळेत या. "माझं पोर काय शिकलं?" एवढंच विचारा. कोणीतरी विचारतंय म्हटलं की आम्हालाही हुरूप येतो.

आणि शिक्षक मित्रांनो, बदली आज ना उद्या होईलच. पण त्या पोराची पहिली-दुसरी पुन्हा येणार नाही.