आंत्रपुच्छ खरोखरच निरुपयोगी?

मी पदार्थविज्ञान शिकवितो. तरी आज आंत्रपुच्छाविषयी, म्हणजे अपेंडिक्सविषयी लिहीत आहे. करंगळीएवढ्या या नळीची पोकळी काही माणसांत, विशेषतः उतारवयात, टोकाकडून बुजत जाते. तेथे तंतुमय ऊतक व चरबी भरते. हा कर्करोग नव्हे. त्याला सहसा उपचारही लागत नाही.

१८७१ साली डार्विनने 'द डिसेंट ऑफ मॅन' या ग्रंथात अशा बुजलेल्या नळीची नोंद केली व आंत्रपुच्छाला अवशेषांग मानले. पुढे आपण 'अवशेषांग म्हणजे निरुपयोगी' असे पाठच करून टाकले. हे अनुमान मला पटत नाही. यौवनलोपी ग्रंथी वयात आल्यावर आक्रसते, तिच्या जागी चरबी येते. पण बालपणी काही रोगप्रतिकारक पेशी तिच्यातच परिपक्व होतात. तिला कोणी निरुपयोगी म्हणत नाही. आंत्रपुच्छाच्या भिंतीतही तरुणपणी लसिकाभ ऊतक भरपूर असते. ते उपयुक्त जीवाणूंचे आश्रयस्थान असावे, अशी कल्पना २००७ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी मांडली.

म्हणून शिक्षकांना विनंती, की 'निरुपयोगी' हा शब्द फळ्यावर लिहिण्यापूर्वी थोडे थांबावे. 'उपयोग नाही' आणि 'उपयोग अजून नीट कळलेला नाही' यांत फार अंतर आहे.