झाकण मिटले तरी लॅपटॉप जागाच

आमच्या शिक्षक मंडळींत एक मत इतके पक्के झाले आहे की ते सुविचार म्हणून फळ्यावर लिहायचेच तेवढे बाकी आहे: ‘लिनक्स फुकट आहे, पण त्यावर लॅपटॉप झोपत नाही.’ संध्याकाळी झाकण मिटून पिशवीत ठेवला की सकाळी पिशवी गरम आणि बॅटरी शून्य. दोष लिनक्सचा, निकाल तयार. पुढचे वाक्यही ठरलेले असते. शाळेसाठी विंडोजच बरे, कुठून तरी टाकून घेऊ. हे ‘कुठून तरी’ म्हणजे चोरीची प्रत, हे सगळ्यांना ठाऊक असते. परीक्षेत कॉपी करू नका म्हणून ज्या मुलांना आपण दटावतो, त्यांच्या डोळ्यांदेखत ती टाकली जाते.

तक्रार खोटी नाही. बॅटरी खरोखर संपते. पण आरोपी चुकीचा पकडला आहे.

लॅपटॉपने कसे झोपायचे याचे नियम इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी 1996 मध्ये ठरवले. त्या नियमावलीला एसीपीआय म्हणतात. त्यात झोपेच्या पायऱ्या आहेत. एस-3 म्हणजे प्रोसेसरसह जवळजवळ सगळे बंद, फक्त रॅमपुरती वीज चालू. एस-4 म्हणजे रॅममधले सगळे डिस्कवर उतरवून वीज पूर्ण बंद. या पायऱ्या त्या यंत्रावर कशा चढायच्या-उतरायच्या, याचे कोष्टक लॅपटॉप बनवणारी कंपनी बायॉसमध्ये लिहून ठेवते. लिनक्स असो, बीएसडी असो की विंडोज, प्रत्येकाला तेच कोष्टक वाचून चालावे लागते.

आता हे कोष्टक कोण तपासते? बहुतेक कंपन्या ते विंडोजवर चालले की काम झाले असे समजतात. त्याचा परिणाम पाहा. बायॉस विचारतो, ‘तू विंडोज आहेस का?’ आणि लिनक्सचा गाभा उत्तर देतो, ‘हो.’ ‘तू लिनक्स आहेस का?’ असे विचारले तर तो चक्क ‘नाही’ म्हणतो. कारण खरे सांगितले की न तपासलेल्या वाटेने जावे लागते. ज्या घरात शिरायला स्वतःचे नाव लपवावे लागते, तिथली गैरसोय पाहुण्याच्या माथी मारायची, हा कुठला न्याय?

यामागे नुसता आळस आहे असेही नाही. 24 जानेवारी 1999 रोजी बिल गेट्स यांनी सहकाऱ्यांना पाठवलेली एक ई-मेल अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या खटल्यात पुराव्यात आली. एसीपीआयचे विस्तार विंडोजपुरतेच ठेवता येतील का, अशी विचारणा तिच्यात होती. मेहनत आपण करायची आणि लिनक्स आयते चालायचे, हे त्यांना खटकत होते. ही कल्पना पुढे किती अमलात आली, हे त्या मेलवरून सिद्ध होत नाही. पण ज्यांनी सर्वांसाठी नियम लिहिले, त्यांच्या मनात काय चालले होते, ते कळते.

गेल्या काही वर्षांत तर अनेक नव्या लॅपटॉपमधून एस-3 ही पायरीच काढून टाकली आहे. तिच्या जागी ‘मॉडर्न स्टँडबाय’ आले. लॅपटॉपने मोबाइलसारखे राहावे, झाकण मिटल्यावरही मेल यावी, उघडताच क्षणात जागे व्हावे, ही कल्पना. कोणाला ती आवडत असेल तर हरकत नाही. पण मराठीत आपण झोप आणि डुलकी यांत फरक करतो. एस-3 ही झोप होती, ही डुलकी आहे. हिच्यात वीज खरोखर वाचायची तर प्रत्येक भागाने वेगवेगळे शांत व्हावे लागते. वायफाय, डिस्क, कार्ड-रीडर यांतला एक जरी जागा राहिला तरी सगळे घर जागे. म्हणून बॅगेत तापलेल्या लॅपटॉपची तक्रार विंडोजवालेही करतात. तिथे मात्र ‘लॅपटॉप खराब आहे’ म्हणतात. लिनक्सवर तेच झाले की ‘लिनक्स खराब आहे’.

आपला लॅपटॉप कोणत्या जातीचा, हे पाहायला मिनिट लागते. सिस्टिममधल्या ‘सिस’ फोल्डरात ‘पॉवर’ आणि त्यात ‘मेम_स्लीप’ नावाची फाइल असते. ती उघडा. ‘डीप’ हा शब्द दिसला तर गाढ झोप शिल्लक आहे. चौकटी कंस त्याच्याभोवती नसेल, तर गाभ्याच्या सुरुवातीच्या सूचनांत ‘मेम_स्लीप_डिफॉल्ट’ला ‘डीप’ करा. शब्दच नसेल तर बायॉसमध्ये झोपेचा पर्याय आहे का बघा. तिथेही नसेल तर एस-4 उरते. त्यासाठी डिस्कवर पुरेशी स्वॅप जागा हवी, आणि सिक्युअर बूट चालू असेल तर बऱ्याच वितरणांत ती वाट बंद असते.

इथे मला लिनक्सवाल्या मित्रांनाही सुनवायचे आहे. वरचा परिच्छेद बालवाडीच्या बाईंना वाचून दाखवा आणि त्यांचा चेहरा बघा. ‘मॅन्युअल वाचा’ हे उत्तर शिक्षकाला शोभत नाही, मग तुम्हाला कसे शोभते? ज्याला येत नाही त्याला हिणवणे हे शिकवणे नव्हे. लॅपटॉप दान देताना किंवा लिनक्स टाकून देताना झाकण मिटून एक रात्र ठेवा, सकाळी बॅटरी बघा, मगच शाळेच्या हाती द्या.

आणि खरी लढाई खरेदीच्या टेबलावर आहे. लेनोवोच्या एक्स-1 कार्बनच्या सहाव्या पिढीत, 2018 मध्ये, एस-3 नव्हते. ग्राहकांनी आरडाओरडा केला, स्वतः कोष्टके दुरुस्त करून दाखवली, आणि त्याच वर्षी कंपनीने बायॉसमध्ये ‘लिनक्स’ नावाचा झोपेचा पर्याय दिला. म्हणजे हे अशक्य नव्हते, मागणी हवी होती. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात. आपल्याकडे निविदेत रॅम किती, डिस्क किती, हे सगळे लिहितात. त्यात एक ओळ वाढवा: मुक्त प्रणालीवर झाकण मिटून रात्रभर ठेवल्यास सकाळच्या पहिल्या तासाला लॅपटॉप चालला पाहिजे. जो पुरवठादार हे करून दाखवेल, त्याचाच माल घ्या.

ज्या गावात वीज दुपारी जाते आणि संध्याकाळी येते, तिथे पूर्ण भरलेली बॅटरी म्हणजे त्या दिवसाचा संगणकाचा तास. तो तास रात्री पिशवीत जळून गेला, तर नुकसान कंपनीचे होत नाही, लिनक्सचेही होत नाही. होते ते पाचवी-ब च्या मुलांचे. पैसे मोजून घेतलेले यंत्र कधी झोपेल, हे ठरवायचा हक्क मालकाचा आहे. तो खरेदीच्या वेळीच मागून घ्या.